खुडूक उठली, आठ पिल्लं निघाली. आता बाकीच्या कोंबड्या जगू देईनात!

बेसारोड_परसदार | ८ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

घर नागपुरात बेसा रोडला, मागे वीस बाय तीस फुटांचं परस. नऊ गावठी कोंबड्या, एक कोंबडा. त्यातली चंद्री जानेवारीत खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली. अकरा अंड्यांवर बसवली, एकविसाव्या दिवशी म्हणजे ६ तारखेला आठ पिल्लं निघाली. दोन अंडी गार लागली, एकात पिल्लू टवका पाडून तसंच मेलं.

काल दिवसभर बाई उठलीच नाही. आज सकाळी पिल्लं घेऊन खुराड्याबाहेर आली आणि रामायण सुरू. काबरी म्हणून एक आहे आमच्याकडे, घरातली थोरली जाऊ समजा. ती सरळ चालत आली आणि एका पिल्लाच्या डोक्यात टोच हाणली. चंद्री फुगून दुप्पट झाली, दोघींची पिसं उडाली. तेवढ्यात दोन तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) मागून येऊन उरलेल्या पिल्लांच्या मागे. मी झाडू घेऊन मध्ये पडले.

त्या पिल्लाच्या टाळूवर मुगाएवढी जखम आहे. सध्या ते बुटांच्या खोक्यात, बल्बखाली, माझ्या उशाशी. इतकुसा जीव, पण केकाटून सगळं घर जागं ठेवलंय.

नवरा म्हणतो महिनाभर आई-पिल्लं वेगळ्या खोलीत टाक. सासूबाई म्हणतात, "आमच्या गावी कोण पिंजरे करत होतं? तिची पिल्लं ती पाहील." मी मधे लटकलेय. काय करू?

---

तर्रीपोहे | ८ फेब्रुवारी, रात्री १०.०५

ताई, पयले ते पिल्लू मायपाशी नेऊन ठेवा. आत्ता, रात्रीच. लाईट न लावता तिच्या पंखाखाली हळूच सरकवून द्या. अंधारात कोंबडीले कमी दिसते, ते काही तपासत नाही. दोन-तीन दिवस बाहेर राहिलं तं मंग ते ओळखणार नाही अन् तेच मारंन.

फक्त जखमेवर हळद अन् खोबरेल तेल थापा. लाल दिसलं की कोंबड्या तिथंच टोचतात. पिवळं केलं की वाचते.

---

बेसारोड_परसदार | ८ फेब्रुवारी, रात्री ११.२०

केलं! मोबाईलवर बोट धरून अंधुक उजेडात गेले. सरकवलं, चंद्री एकदा घुरघुरली, मग पोटाशी ओढल्यासारखं अंग टाकलं. दोन मिनिटांत केकाटणं बंद. घर झोपलं.

---

हिंगणा_मळा | ९ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

मी नवऱ्याच्या बाजूने. वेगळं ठेवा, पक्कं ठेवा.

तुम्ही काबरीला भीत आहात, पण खरा धोका रात्री-पहाटेचा आहे. मागच्या वर्षी माझ्या खुराड्याच्या दाराखाली चार बोटं फट होती. चार बोटं! सकाळी नऊ पिल्लांपैकी दोन उरली. पहाटे मुंगूस शिरलं होतं. कोंबडी अंगावर जखमा घेऊन कोपऱ्यात उभी होती, म्हणजे लढली असणार. आईच्या भरवशावर रात्र काढू नका.

आणि षट्कोनी कोंबडी-जाळीवर विसंबू नका. ती कोंबडी आत ठेवायला ठीक, शत्रू बाहेर ठेवायला नाही. एक इंची भोकातून पिल्लू निसटतं, आणि मांजर पंजा घालून ओढतं तेही त्याच भोकातून. अर्धा इंची वेल्ड मेश (तारा जोडलेली ताठ चौकोनी जाळी) घ्या. खाली जमिनीत फूटभर गाडा, किंवा बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर विटा मांडा. मुंगूस आणि घूस दोघंही भिंतीला लागूनच उकरतात, आडवी जाळी लागली की नाद सोडतात.

कोणी फासे लावायचा सल्ला देण्याआधीच सांगतो, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मुंगसाला संरक्षण आहे. फट बुजवणं स्वस्त पडतं.

---

काटोलची_आजी | ९ फेब्रुवारी, सकाळी ८.१५

(नातू टाइप करून राहिला, चुका त्याच्या.)

महिनाभर दुसऱ्या खोलीत ठेवायचं नाही बापा. कोंबडी कळपातून नजरेआड झाली की परत आल्यावर ते परकी. मंग पिल्लांसंगं तिलेही मार. तुमची सासू बरोबर आहे, पण अर्धी. आमच्या गावी पिंजरे नव्हते, पण डालगं होतं, बांबूच्या कामट्यांची मोठी टोपली.

आई डालग्याखाली, वर दगड. पिल्लं कामट्यांच्या फटीतून आत-बाहेर. दुसरी कोंबडी आली की पिल्लू सुटलं ते मायच्या पोटाखाली. टोचणारी बाहेर अन् माय आत, पण दोघी एकमेकीले दिवसभर पाहतात. आठ दिवसांत सगळ्याइले सवय होते.

---

तर्रीपोहे | ९ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

आजी +१. आता डालगं मिळन कुठं, हा प्रश्न आहे. बुरडाकडं सांगून बनवून घ्या. लग्नाच्या रुखवतातली रंगवलेली टोपली घेऊ नका, तिच्या फटी बारीक असतात. (अनुभव आहे, हसू नका.)

---

हिंगणा_मळा | ९ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

आजींचा मान ठेवून: डालगं दिवसा ठीक. रात्री डालग्याला मांजर काय विचारतं?

---

काटोलची_आजी | ९ फेब्रुवारी, सकाळी ९.५०

रात्री घरात घेत होतो रे. चुलीपाशी.

---

पशुवैद्य_होऊ_घातलेली | ९ फेब्रुवारी, दुपारी १.१०

कॉलेज सेमिनरी हिल्सला, शेवटचं वर्ष. कॅन्टीनमधून टंकतेय, तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

आजी सांगतात ते शास्त्रातही बसतं. कोंबड्यांमध्ये कोण कोणाला टोचणार याची ठरलेली उतरंड असते. नॉर्वेच्या थोर्लेफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२१ मध्ये ती पहिल्यांदा नीट मांडली. लहानपणापासून कोंबड्या न्याहाळायचा नाद होता त्यांना. कळपातून एखादी बराच काळ गेली की उतरंड तिच्याशिवाय बसते, आणि परतली की पुन्हा मारामारी. म्हणून "दिसेल पण टोच पोचणार नाही" हेच धोरण.

आता दोन गोष्टी, ज्या कुणी विचारल्या नाहीत आणि ज्यांनी काबरीपेक्षा जास्त पिल्लं मरतात.

पहिली, खाद्य. मोठ्या कोंबड्यांना काय देता? लेयर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य) असेल तर पिल्लांच्या तोंडी जाऊ देऊ नका. त्यात अंड्याच्या कवचासाठी साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं, पिल्लाला एक टक्का पुरतं. जास्तीचं मूत्रपिंडावर येतं. उलटं चालतं: मोठ्यांनी पिल्लांचं स्टार्टर खाल्लं तर बिघडत नाही. तेव्हा सगळ्यांनाच स्टार्टर द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. अंड्यावरच्या कोंबड्या त्यांच्या गरजेपुरता खातील, पिल्लं बहुतेक ढुंकून बघत नाहीत. चंद्रीला तर आता लागतच नाही, ती दीड-दोन महिने अंडी देणार नाही.

दुसरी, पाणी. पसरट थाळी, आणि त्यात गोटे. पिल्लू दोन बोटं पाण्यातही बुडून मरतं.

---

बेसारोड_परसदार | ९ फेब्रुवारी, दुपारी ३.३०

अरे देवा. दुकानदाराने "लहान-मोठ्या सगळ्यांना हेच चालतं" म्हणून लेयरचं पोतं गळ्यात मारलंय. पोत्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं आत्ता वाचलं. पिल्लांनी दीड दिवस तेच खाल्लं, काही होईल का?

---

पशुवैद्य_होऊ_घातलेली | ९ फेब्रुवारी, दुपारी ३.४५

दीड दिवसाने काही होत नाही. त्यातही पहिले दोन-तीन दिवस पिल्लू पोटात ओढून घेतलेल्या बलकावरच जगतं, म्हणून तर आई एवढा वेळ निवांत बसून राहते. आजपासून बदला.

---

हुडकेश्वर_गच्ची | ९ फेब्रुवारी, रात्री ८.२०

मधेच घुसतोय. स्टार्टर महाग आहे आणि मोठ्या कोंबड्या दहा मिनिटांत फडशा पाडतात. पिल्लांपुरतं वेगळं ठेवायची काही युक्ती? माझ्याकडे वनराज जातीच्या आहेत, कोंबड्या कसल्या, रणगाडे.

---

काटोलची_आजी | १० फेब्रुवारी, सकाळी ७.३०

डालगं उलटं वापरायचं. आता माय बाहेर अन् दाणा आत. चारही बाजूंनी आडव्या विटा, त्यावर डालगं. खालून तीन बोटं मोकळी राहतात, पिल्लू सरपटत जाते, मोठी जात नाही. दाणा मधोमध ठेवायचा, कडेले नाही. मोठी मान घालून चोरते.

---

बेसारोड_परसदार | १३ फेब्रुवारी, रात्री ९.००

वृत्तांत.

डालगं मिळालं नाही, पण गच्चीवर जुना प्लास्टिकचा भाजीचा क्रेट होता, संत्र्याचे असतात तसला मोठा. एका बाजूच्या उभ्या पट्ट्या नवऱ्याने करवतीने अशा कापल्या की दोन इंची फटी झाल्या. तो उलटा, वर दोन विटा, मधोमध स्टार्टरची वाटी.

काबरीची करामत सांगितलीच पाहिजे. आधी तिने चारही बाजूंनी फेरी मारली. मग अंग जमिनीला टेकवून, एक डोळा फटीला लावून आत बघितलं. मग मान घातली, खांद्यापर्यंत. वाटी तिच्या चोचीपासून दोन बोटं लांब. आतून पिल्लं तिच्या नाकासमोर खातायत! शेवटी तिने रागाने क्रेटलाच टोच मारली. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

चंद्रीसाठी परसाच्या कोपऱ्यात चार बाय सहाची जाळीची खोली केली. वेल्ड मेश, अर्धा इंची, खाली आडवी पसरून विटा (हिंगणा_मळा, धन्यवाद). खाली तणसाचा थर. बाकीचा कळप बाहेरून जाळीला लागून फिरतो. पहिले दोन दिवस काबरी आणि चंद्री जाळीच्या दोन बाजूंनी छातीला छाती लावून उभ्या. आज काबरी जाळीपाशी धूळस्नान करत होती, पाठ फिरवून. ही चांगली खूण का?

डोकं फुटलेलं पिल्लू बरंय. खपली पडून तिथे टक्कल झालंय. नाव टकलू.

---

पशुवैद्य_होऊ_घातलेली | १३ फेब्रुवारी, रात्री ९.४०

पाठ फिरवून धूळस्नान म्हणजे उत्तम खूण. सैलावल्याशिवाय कोंबडी पाठ देत नाही.

चंद्रीलाही राख-माती द्या. एकवीस दिवस बैठक मारलेल्या कोंबडीच्या अंगावर उवा-गोचिड्या हमखास होतात आणि तिच्याकडून पिल्लांच्या मानेवर चढतात. रात्री तिला उचलून पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी टॉर्च मारून बघा.

लस झाली का? राणीखेत रोगाची, लासोटा नावाची. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एकेक थेंब. तुमचा आज सातवा.

---

बेसारोड_परसदार | १३ फेब्रुवारी, रात्री ९.५५

विचारलं होतं. बाटली दोनशे डोसची. माझी पिल्लं आठ!

---

हुडकेश्वर_गच्ची | १३ फेब्रुवारी, रात्री १०.१०

माझी बावीस आहेत, दहा दिवसांची, लस राहिलीय. वाटून घेऊ. बर्फाचा डबा मी आणतो.

---

तर्रीपोहे | १३ फेब्रुवारी, रात्री १०.३०

मानेवाड्याले माझ्या मेव्हण्याकडं तीस पिल्लं आहेत. येता येता त्याच्याकडून होऊन जा. तर्री-पोहे माझ्याकडून.

---

पशुवैद्य_होऊ_घातलेली | १३ फेब्रुवारी, रात्री १०.४०

फक्त वेळ पाळा. लस एकदा कालवली की दोन तासांत संपवायची, आणि तोवर बर्फावर. पोहे लस देऊन झाल्यावर. आणि एका घरून दुसऱ्या घरी जाताना हात-चपला धुवा, नाहीतर लसीबरोबर रोगही घरपोच. चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा लासोटा, आणि मधे चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस.

---

बेसारोड_परसदार | २७ फेब्रुवारी, रात्री ८.४५

तीन आठवडे झाले. लस दोन्ही झाल्या, साठ पिल्लं एका सकाळी. (पोहे झणझणीत होते. मेव्हण्याच्या कोंबड्याने माझ्या साडीचा काठ फाडला ते सोडा.)

दहाव्या दिवशी, संध्याकाळी कळप परतायच्या तासभर आधी, जाळीचं दार उघडलं. म्हणजे बाहेर राहायला तासच मिळणार आणि मग सगळ्यांना झोप. चंद्री ताठ मानेने बाहेर आली, पिल्लं मागे. काबरी आली, चंद्रीने फक्त पिसं फुलवून दोन पावलं टाकली. काबरी बाजूने निघून गेली. एवढंच! मी झाडू घेऊन उगाच उभी.

दुसऱ्या दिवशी दोन तास, मग अर्धा दिवस. आता सकाळी सगळे एकत्र, रात्री आई-पिल्लं जाळीत. परसात जागोजागी आडोसे केलेत: भिंतीला टेकवलेली फळी, कापलेला ड्रम, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा भारा. पळणाऱ्याला दोन्हीकडून वाट राहील असे. पहिली फळी एका टोकाला बंद होती, तिथे तलंगांनी एकाला कोंडून धरलं होतं, ते बघून शिकले.

कोंबड्याबद्दल कुणीतरी मेसेजमध्ये "तो मारेल, काढा" लिहिलं होतं. आमचा तर दाणा सापडला की टुकटुक करून पिल्लांना बोलावतो. काल वाळवी निघाली, चंद्री तुकडे करून खाली टाकते आणि हा शेजारी उभा राहून मुकादमी करतो.

---

हिंगणा_मळा | २७ फेब्रुवारी, रात्री ९.१५

कोंबडा राहू द्या, तो वर बघतो. त्याचे आवाज वेगळे ओळखायला शिका. जमिनीवर मांजर-मुंगूस दिसलं की कटकटाट लांबत जातो. घार-शिक्रा दिसला की एकच लांब, बारीक किंकाळी. ती ऐकून पिल्लं जागच्या जागी थिजतात नाहीतर आडोशाला घुसतात. तुमच्या परसावर वरून काय आहे?

---

बेसारोड_परसदार | २७ फेब्रुवारी, रात्री ९.२०

आकाश.

---

हिंगणा_मळा | २७ फेब्रुवारी, रात्री ९.२२

मग लवकर काहीतरी करा.

---

बेसारोड_परसदार | ५ मार्च, दुपारी १२.३०

उशीर झाला. सकाळी अकराच्या सुमारास. कोंबड्याची ती लांब किंकाळी मी ऐकली, स्वयंपाकघरात, हात पिठात. खिडकीतून बघेपर्यंत घार वर चढत होती. चंद्री दोन फूट उडी मारून कोसळली. सात पिल्लं पऱ्हाट्यांच्या भाऱ्यात, आठवं मोकळ्यात होतं. पांढरं, सगळ्यात धीट.

चंद्री तासभर टुकटुक करत फिरत होती.

आता नवरा गच्चीवरून ग्रीन नेट आणि जुन्या साड्या बांधतोय. नेट अर्धंच पुरलं. उरलेल्या भागात मासेमारीचा दोरा दीड-दीड फुटावर आडवा-उभा ताणायचा, असं कोणी म्हणालं. चालेल?

---

हिंगणा_मळा | ५ मार्च, दुपारी १.००

वाईट वाटलं. दोरा चालतो, घारीला सूर मारायला मोकळी जागा लागते. दोऱ्याला चिंध्या बांधा म्हणजे तुमचीही मान कापणार नाही आणि पाखरंही अडकणार नाहीत. साड्या ठेवाच, येत्या उन्हात लागतील.

---

काटोलची_आजी | ५ मार्च, सायंकाळी ५.४०

पांढरं पिल्लू घारीले पयले दिसते. दर खेपेले एक-दोन जातातच बाई. जेवून घे.

---

हुडकेश्वर_गच्ची | १९ मार्च, सकाळी १०.००

मला मदत हवी. दोन पिल्लं पंख पाडून उभी आहेत, विष्ठेत रक्त. सहा आठवड्यांची. परवाच्या अवकाळी पावसात तणस ओलं झालं होतं.

---

पशुवैद्य_होऊ_घातलेली | १९ मार्च, सकाळी १०.१०

रक्ती हगवण असण्याची दाट शक्यता. धागा वाचत बसू नका, विष्ठा डबीत घेऊन दवाखाना गाठा, आजच. खात्री झाली की पाण्यातून अँप्रोलियम मिळेल, मात्रा तेच सांगतील. दोन्ही बाजूला काढा आणि ओलं तणस सगळं उचला. या वयात हा आजार ओलाव्यावरच वाढतो. पाण्याच्या भांड्याभोवतीची जागा सगळ्यात वाईट, भांडं विटेवर उचलून ठेवा.

---

हुडकेश्वर_गच्ची | २४ मार्च, रात्री ९.३०

एक गेलं, एक वाचलं. तणस बदललं. भांडं विटेवर.

---

बेसारोड_परसदार | २८ मार्च, रात्री १०.१५

नवीन भानगड. सात आठवडे झाले. आज संध्याकाळी चंद्री जाळीत आलीच नाही. उडून पेरूच्या झाडावर, बाकीच्यांच्या रांगेत जाऊन बसली. खाली सात पिल्लं, म्हणजे आता पोट्टीच म्हणायची, वर बघून रडतायत. टकलूने तीन उड्या मारल्या, तिन्ही वेळा आपटला. दुपारी तिने दाण्यावर आलेल्या एकाला स्वतःच टोच मारली होती. दोन दिवसांपूर्वी खोक्यात अंडंही सापडलं. आई असं कसं करते?

---

काटोलची_आजी | २९ मार्च, सकाळी ७.००

अंड्यावर आली की माया तुटते. सगळ्याइचं तसंच.

---

पशुवैद्य_होऊ_घातलेली | २९ मार्च, सकाळी ९.००

आणि खरी सांभाळायची वेळ आता आहे. लोक पहिल्या आठवड्यात जागतात आणि सातव्यात निर्धास्त होतात. आत्तापर्यंत पिल्लं कळपात सुरक्षित होती ती आईच्या मानावर. आता तो गेला, उतरंडीत ती सगळ्यात खाली. खाण्या-पाण्याच्या जागा दोनाच्या चार करा, एकमेकींना दिसणार नाहीत अशा. रात्री पोट्टी जाळीतच, सगळी एकत्र. आत फूटभर उंचीवर एक आडवी काठी द्या, झाडाची सवय सावकाश होईल. तो क्रेट त्यांना आता पुरत नसेल, फटी रुंद करा. आणि आठव्या आठवड्यानंतर राणीखेतचं इंजेक्शन आणि देवीची लस, विसरू नका.

---

तर्रीपोहे | २९ मार्च, सकाळी ९.३०

अन् ताई, ऊन सुरू होऊन राहिलं. मातीची भांडी, सावलीत, दोन वेळा पाणी बदला. जाळीवर ओलं पोतं टाका. पुढची खुडूक मे महिन्यात बसवू नका, तेव्हा अंडं ठेवल्या जागी अर्धवट वाढते अन् मरते. एक पाणी पडू द्या.

---

बेसारोड_परसदार | ११ एप्रिल, सकाळी ७.२०

सातही शाबूत. काल रात्री पाच जणांनी आतल्या काठीवर जागा पटकावली, दोन अजून खालीच. पाणी चार ठिकाणी केल्यापासून टोचाटोची निम्म्यावर.

आणि आज पहाटे परसातून गंजलेली बिजागरी कुरकुरल्यासारखा आवाज आला. जाऊन बघते तर टकलू, मान ताणून, डोळे मिटून बांग द्यायच्या खटपटीत. पूर्ण व्हायच्या आतच काबरीने मागून एक हाणली.

---

तर्रीपोहे | ११ एप्रिल, सकाळी ७.४५

कोंबडा निघाला म्हणजे! दोन-तीन महिन्यांत मोठ्याशी भिडन. मी सावजी मसाला आणून ठेवू का?

---

बेसारोड_परसदार | ११ एप्रिल, सकाळी ७.४७

टकलूकडे बघायचंसुद्धा नाही. हुडकेश्वरला कोंबडा नाहीये ना, विचारून ठेवलंय.